हिरव्या खुणांचं हैदराबाद

हैदराबादला पाच दिवस राहून आलो आणि चारमिनार पाहिला नाही, हे मी घरात अजून कबूल केलेलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा ‘गर्दी फार होती’ एवढंच म्हणालो. गर्दी असणारच, त्यामुळे त्याला अगदी खोटं म्हणता येणार नाही. गोवळकोंडाही राहिला. मी जे पाहिलं ते दाखवायला तुम्हाला कुठलाही गाइड नेणार नाही. एका मराठी शाळेतली संगणकाची खोली पाहिली आणि एका काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावरचा एक पडदा पाहिला. ज्यांनी हैदराबाद पाहिलेलं नाही त्यांनी माझ्या भरवशावर तिकडे जाऊ नये, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मी परभणीला गणित शिकवतो, सव्वीस वर्षं झाली. आमच्या घराण्यात संगणकातला जाणकार म्हणून माझी ख्याती आहे, कारण शाळेची निकालपत्रकं मी स्वतः टाइप करतो आणि प्रिंटर अडला की त्याला कुठे थापटायचं ते मला ठाऊक आहे. ही ख्यातीच नडली.

माझी थोरली बहीण कुसुमताई लग्न होऊन हैदराबादला गेली त्याला पस्तीस वर्षं झाली. सुलतान बाजाराच्या मागच्या अंगाला एका मराठी शाळेत ती पाचवी ते सातवीला शिकवते. एके काळी तिथे गावातल्या जुन्या मराठी घरांतली मुलं असायची, वकिलांची, कारकुनांची, मास्तरांची. नव्वदनंतर बाहेरच्या कंपन्या आल्या, पगार वाढले, तशी ती घरं एकेक करून इंग्रजी शाळांकडे वळली. आता तिन्ही वर्ग मिळून एकतीस मुलं उरली होती. त्यातली बरीचशी गलाईवाल्यांची, म्हणजे विटा-आटपाडीकडून येऊन चारकमानीच्या गल्ल्यांमध्ये सोनं आटवण्याचं काम करणाऱ्यांची.

हैदराबादेतल्याच एका कंपनीने गेल्या जूनमध्ये या शाळेला आठ संगणक आणि इंटरनेटवर चालणारा गणिताच्या सरावाचा एक कार्यक्रम दिला होता, मराठीतून. मूल उदाहरण सोडवतं, उत्तर दाबतं, पडद्यावर हिरवी किंवा लाल खूण येते आणि प्रत्येक खुणेची नोंद कंपनीकडे जाते. आता वर्ष संपत आलं होतं, आणि काही निवडक शाळांना कंपनी तीन वर्षांसाठी एक जादा शिक्षिका देणार होती. संस्थेने ताईला स्वच्छ सांगितलं होतं की ती शिक्षिका मिळाली तर जूनमध्ये मराठीचे वर्ग चालू राहतील, नाही तर मुलं त्याच इमारतीतल्या इंग्रजी माध्यमाच्या तुकड्यांत बसतील.

“बाळू, शुक्रवारी कंपनीत जाऊन यायचंय,” ताई फोनवर म्हणाली. “ते ग्राफ-बिफ दाखवतात. मला परेशानी होते बाबा. तू ये.”

मी गेलो. जाताना मनात थोडी ऐटही होती. ती का, ते पुढे येईलच.

गुरुवार : नामपल्ली, सुलतान बाजार

गाडी सकाळी नामपल्लीला लागली. बायकोने तीन दिवस पुरतील एवढ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. प्रवास एका रात्रीचा होता. चटणीची पुडी सुटून ती माझ्या एकुलत्या एका बऱ्या शर्टात जाऊन बसली होती. फलाटावरच्या नळाखाली शर्ट धुतला, तेव्हा डाग गेला नाही, फक्त मोठा झाला. रिक्षावाला म्हणाला, “बैठो चाचा, सुलतान बजार कित्ता दूर है?” आमच्याकडे मला लोक ‘सर’ म्हणतात, फार तर ‘मास्तर’. वय कुठे कळतं म्हणाल तर परगावी.

ताईकडे गेल्या गेल्या तिने पुढ्यात खिचडी ठेवली. सकाळी आठ वाजता. आमच्याकडे खिचडी रात्रीची, त्यातही घरात कुणाला तरी बरं नसलं की. मी घाबरून विचारलं, कोण आजारी आहे? भाऊजी हसायला लागले. हैदराबादेत सकाळी खिचडी आणि खट्टाच, म्हणाले. खट्टा म्हणजे चिंच आणि तिळाचं पातळ, आंबट सार. पहिल्या घासाला डोळे मिटले, तिसऱ्याला उघडले, आणि मग ताटलीकडे पाहत न बोलता खात राहिलो. परभणीला परत आल्यावर बायकोला करायला सांगितलं. तिने फक्त माझ्या कपाळावर हात ठेवून पाहिला.

दुपारी शाळेत गेलो. एका हाताला कापडाची दुकानं, दुसऱ्या हाताला दागिन्यांची, त्यांच्या मधून एक जिना. वर संगणकाची खोली. पोरं रांगेत उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात पाटी होती. खरी, लाकडी चौकटीची. ताईने शाळेच्या अडगळीतून काढून धुऊन घेतलेल्या. संगणकावरचं उदाहरण ताईने फळ्यावर उतरवायचं, मुलाने ते आधी पाटीवर सोडवायचं, मग ताईने तपासायचं, चुकलं असेल तर समजावून दुरुस्त करून घ्यायचं, आणि सगळं बरोबर झालं की मग संगणकावर जाऊन उत्तर दाबायचं. पाटी पुसून पुढच्याला द्यायची. एकेक मूल बसत होतं, बोट पटापट चालवत होतं, हिरव्या खुणा उमटत होत्या, मूल उठत होतं. देवळात दर्शनाच्या रांगेतही इतकी शिस्त मी पाहिलेली नाही.

“दिवाळीपासून एक पण लाल नाही,” ताई म्हणाली. “वह्या-बिह्या काही नाही, तू म्हणालास तस्संच केलं.”

ऐट होती ती याचीच. ही पद्धत माझी. दिवाळीच्या आधी ताईने फोन केला होता की मुलं चुकतात, पडद्यावर लाल खुणा येतात, त्या कंपनीला दिसतात, आता काय करू? मी सव्वीस वर्षांच्या अधिकाराने सांगितलं होतं, कच्चं काम आधी बाजूला करून घे, पक्कं तेवढं संगणकावर जाऊ दे. कुठलाही मास्तर हेच सांगेल. शाळा तपासणी आली की फळ्यावर आधी घोटून घेतलेलं उदाहरण असतं आणि ज्याला येतं तोच मुलगा उठतो. परक्या माणसासमोर चूक काढायची नाही, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, आम्ही ते तसेच घेऊन जन्माला आलो. आणि सुरुवातीच्या महिन्यांतल्या त्या लाल खुणांचं काय झालं, विचारलंत तर तीही व्यवस्था मीच सांगितली होती. दिवाळीनंतर मुलांची नावं कार्यक्रमात नव्याने भरायची, म्हणजे मागचं पान कोरं.

रुपाली नावाची सहावीतली एक मुलगी होती. वडील गलाईच्या भट्टीवर. तिने पाटी पुसताना आधी मला दाखवली, सगळं बरोबर आहे ते कळावं म्हणून. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून ‘शाब्बास’ म्हणालो.

शुक्रवार : काचेची इमारत

ऐनवेळी ताईला शाळेत थांबावं लागलं, म्हणून मी एकटाच निघालो. शर्टाचा प्रश्न होता, तेव्हा भाऊजींचा सफारी घातला. भाऊजी अंगाने दुप्पट आहेत. त्या सफारीत मी, आमचे हेडमास्तर आणि एखादा शिपाई, असे तिघे सहज मावलो असतो. हायटेक सिटीच्या दारावर सुरक्षारक्षकाने माझा फोटो काढून तो माझ्याच गळ्यात अडकवला आणि मला आत सोडलं.

केतकी नावाची मुलगी मला घ्यायला आली. मूळची पुण्याची, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. मराठी शाळांचं काम तिच्याकडे होतं. बोलायला गोड, फक्त दर चौथा शब्द इंग्रजी, आणि मराठी वाचताना ओठ हलायचे. तिने स्वतःच सांगितलं की कार्यक्रमातलं मराठी ती आईकडून फोनवर तपासून घेते. मला ती एकदम आवडली.

आधी तिने मला दुसऱ्याच एका शाळेचा पडदा दाखवला, कुठल्याशा खेड्यातल्या तेलुगू शाळेचा. नुसता लाल. मनात म्हटलं, अरेरे, आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तिने एका मुलाची उत्तरं मोठी करून दाखवली. पाचशे तीनमधून दोनशे अठ्ठ्याहत्तर गेले, उत्तर तीनशे पंच्याहत्तर. सातशे दोनमधून तीनशे पंचेचाळीस गेले, उत्तर चारशे त्रेचाळीस.

“सर, तुम्हाला काय दिसतं?”

“लक्ष नाही,” मी म्हणालो. “निष्काळजी आहे पोरगं.”

“आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण बघा ना, तो एकदाही वेगळं चुकत नाही. प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करतो. वर कुठला, खाली कुठला, बघतच नाही. त्याला हातचा घेणं माहीत नाही, म्हणून त्याने स्वतःचा नियम बनवलाय आणि तो नियम तो पक्का पाळतो.”

 मी तिसरं उदाहरण मनात त्याच नियमाने करून पाहिलं. सहाशे दहामधून चारशे बत्तीस, त्या मुलाने दोनशे बावीस लिहायला हवेत. त्याने दोनशे बावीसच लिहिले होते.

पुढचं तिने सांगितलं ते असं. संगणक अशी सारखी चुकणारी मुलं निवडून काढतो आणि दर सोमवारी तिथल्या बाईंना यादी देतो की या सहा जणांना हातचा कळलेला नाही, त्या चौघांना शून्याची अडचण आहे. बाई सगळ्या वर्गाला तेच ते पुन्हा शिकवत बसत नाहीत. त्या सहा जणांना घेऊन वीस मिनिटं काड्यांच्या जुड्या सोडवत बसतात. केतकी पडद्यावर आठवडे पुढे सरकवत होती आणि लाल खुणा विरळ होत चालल्या होत्या. महिन्याने त्या मुलाच्या नावासमोर पहिली हिरवी खूण आली. ती खूण त्याची स्वतःची होती.

हे यंत्र शिकवत नव्हतं. शिकवत होत्या त्या खेड्यातल्या बाईच. यंत्राने त्यांना फक्त कुठे पाहायचं ते दाखवलं होतं. मला मात्र सव्वीस वर्षांत ते कुणी दाखवलं नव्हतं. मला उत्तम नावाचा मुलगा आठवला, नोकरीच्या तिसऱ्या वर्षातला. त्याची उत्तरं अशीच असायची, अगदी अशीच. मी त्याच्या वहीत लाल शाईने ‘निष्काळजीपणा’ लिहायचो, वर्षभर लिहिलं, आणि सातवीत त्याने शाळा सोडली. आता बसस्टँडसमोर त्याचं रसवंतीगृह आहे. मला पाहिलं की बर्फ कमी घालून रस देतो. तेवढा काळजी घेणारा माणूस गावात दुसरा नाही.

“आता आपली शाळा,” म्हणून केतकीने ताईचा पडदा उघडला. हिरवागार. एक लाल ठिपका नाही. आदल्या दिवशी मी त्याच्याकडे पाहून छाती फुगवली असती, आणि सफारीत जागाही होती.

ती म्हणाली, “सर, प्रत्येक उत्तराला चार सेकंद लागलेत. पाचवीच्या मुलालाही चार, सातवीच्या मुलालाही चार. आमच्या टीमचं म्हणणं, एक तर ही मुलं इतकी हुशार आहेत की त्यांना आमची गरज नाही, नाही तर उत्तरं दुसरंच कुणी भरतंय. दोन्ही बाजूंनी शाळा यादीतून जाते. म्हणून मी तुम्हाला बोलावलं. मला एवढंच सांगा, मुलं विचार कुठे करतात?”

“पाटीवर,” मी म्हणालो.

“आणि पाटी?”

“पुसतात.”

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मी सगळं सांगितलं, दिवाळीचा फोन, नावं नव्याने भरली तेही. वर्षभराच्या, एकतीस मुलांच्या चुका ओल्या फडक्याने पुसल्या गेल्या होत्या, आणि आम्हाला नेमक्या त्याच हव्या होत्या. ती रागावली नाही, हे फार वाईट झालं. म्हणाली, यादी शनिवारी दुपारी तीनला बंद होते. उद्या सकाळी मुलांना पाटीशिवाय बसवा, एकच सराव संच खराखरा सोडवू दे, चुकू दे. तेवढं तरी माझ्या हातात द्या, मी भांडते.

घरी येऊन ताईला सांगायला मला तास लागला. ती चिंच कोळत बसली होती.  शेवटी म्हणाली, “म्हणजे पोरांना चुकू द्यायचं, आणि ते बाहेरच्यांना दाखवायचं.”

“हो.”

“आणि मी तिथं खाली उभी राहायचं.” खाली म्हणजे हैदराबादी बोलीत रिकामी, काही न करता.

“हो, ताई.”

“हौ, उभी राहते,” ती म्हणाली आणि चिंचेचा चोथा उचलून टाकला.

शनिवार : पाटीशिवाय

सकाळी साडेआठला आठ मुलं आठ संगणकांसमोर बसली. बाकीची मागे भिंतीला टेकून. पाट्या कपाटात. ताईने सांगितलं, आज तपासून घ्यायचं नाही, आपलं आपण सोडवा, येईल ते दाबा.

कुणीच दाबलं नाही.

 मुलं पडद्याकडे पाहत होती आणि मग मान वळवून ताईकडे. काही जण बोटाने टेबलावर आकडे काढत होते आणि तळव्याने पुसत होते, जिथे काही उमटलंच नव्हतं तिथे. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मी सफारीच्या खिशात हात घालून फेऱ्या मारत होतो आणि सांगत होतो की चुकलं तरी चालेल, चुकलं तर उलट चांगलंच. मी काही वावगं बोलावं तशी पोरं माझ्याकडे बघत होती. ज्या मास्तरने परवा डोक्यावर हात ठेवून शाब्बासकी दिली होती तोच आज ‘चुका’ म्हणत होता.

शेवटी रुपालीने दाबलं. चारशे एकमधून एकशे छप्पन्न. तिने तीनशे पंचावन्न लिहिले होते. मी धावत मागे गेलो. तीनशे पंचावन्न! तोच नियम, मोठ्यातून लहान. वर्षभर पाटीवर दुरुस्त केलेल्या सगळ्या वजाबाक्यांच्या खाली ती मुलगी आपला नियम तस्सा धरून बसली होती. ताईने दर वेळी उत्तर बरोबर करून घेतलं होतं, नियम कुणी पाहिला नव्हता. मला हर्ष झाला, खरंच झाला. केतकीला हेच हवं होतं.

पडद्यावर लाल खूण आली. रुपालीने ती दिवाळीनंतर पहिल्यांदाच स्वतःच्या नावासमोर पाहिली. तिने आवाज केला नाही, फक्त दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली. शेजारच्या मुलाने ते पाहिलं आणि त्यानेही हात काढून घेतले. मग त्याच्या पलीकडच्याने.

ताई भिंतीपाशी उभी होती, खाली. ती माझ्याजवळून गेली तेव्हा तिचा पदर मला लागला, एवढं आठवतं. ती रुपालीच्या खांद्यावर वाकली आणि हळूच, अगदी हळूच म्हणाली, “दोनशे पंचेचाळीस, बेटा. दाब.”

रुपालीने दाबलं. हिरवं झालं.

पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. “बाई, माझं?” “बाई, इकडं या ना.” ताई एकेकाच्या खांद्यावर वाकत गेली. मी थांबवू शकलो असतो. माझ्यापासून तिच्यापर्यंत चार पावलं होती. पण माझ्यासमोर पोरांचे हात एकेक करून मांडीखालून बाहेर येत होते, आणि मीही मास्तरच आहे. साडेदहापर्यंत एकतीस मुलांचा संच पुरा झाला. एक लाल खूण वगळता सगळा हिरवा.

रविवार : आबिड्स

रविवारी करण्यासारखं काही नव्हतं. भाऊजी मला आबिड्सला घेऊन गेले. दुकानं बंद असतात आणि त्यांच्यासमोरच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. आमच्याकडे जुनी पुस्तकं थेट रद्दीत जातात. इथे ती आधी रांगोळीसारखी मांडतात. भाऊजींनी उर्दू शायरीचं एक पुस्तक घेतलं, मी काहीच घेतलं नाही. मग इराण्याकडे चहा आणि उस्मानिया बिस्किटं. त्या बिस्किटाला गोड म्हणावं की खारट, हे मला चौथ्या बिस्किटानंतरही सांगता येईना. पाचव्याला भाऊजींनी बशी आपल्याकडे ओढली.

भाऊजी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. घरात मराठी, पण शाळा उर्दूत झाली, त्या काळी सगळ्यांची होत असे. मी विचारलं नव्हतं, तेच सांगायला लागले की ते बारा वर्षांचे असताना हैदराबादचं राज्य जाऊन आंध्र प्रदेश झाला आणि पुढच्या वर्षी वर्गाची भाषाच वेगळी झाली.

“दोन वर्षं मी वर्गात एक सवाल विचारला नाही,” ते म्हणाले. “येत होतं म्हणून नाही. कुठल्या जबानीत विचारू, तेच कळेना. मास्तर म्हणायचे, मोठा समजदार पोरगा आहे, कधी अडत नाही.”

मी चहा ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती. मला त्या एकतीस मुलांचा जून दिसत होता.

सोमवार : कागद

सकाळी केतकीचा फोन आला. तिने त्या एका लाल खुणेवरून टीमशी भांडण केलं होतं. टीमने तिला विचारलं होतं की एका खुणेवरून काय सिद्ध होतं? ती म्हणाली, “सॉरी सर, अजून आठवडा असता तर...” आणि पुढचं तिला मराठीत सुचेना, इंग्रजीतही सुचेना.

पत्र ई-मेलने आलं होतं. आबिड्सच्या एका इंटरनेटच्या दुकानात जाऊन मी त्याची प्रत काढली. इंग्रजीत होतं. मजकूर असा की आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांची कामगिरी अतिशय उत्तम असून त्यांना अधिक साहाय्याची गरज दिसत नाही, सबब शिक्षिका गरजू शाळांना देण्यात येत आहे. अभिनंदन.

ताईने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, आणि म्हणाली, चल.

संस्थेचे सचिव म्हणजे वकीलसाहेब. तीन पिढ्या हैदराबादेत वकिली, घरात अजून चोख मराठी. नातवंडं कुठल्या शाळेत जातात ते विचारायचं नाही. माणूस सज्जन. आम्हाला बसवलं, पाणी दिलं, पत्र वाचलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“मग बाई, हे तर फारच छान झालं. मला चिंता होती की इंग्रजी तुकडीत या पोरांचा निभाव कसा लागेल. आता कंपनीच लिहून देते आहे. जूनमध्ये बिनघोर पाठवू.”

ताई म्हणाली, “साहेब, ते खरं नाही.”

“काय खरं नाही?”

“माझ्या मुलांना वजाबाकी येत नाही.” तिचा आवाज स्थिर होता, हात मात्र पर्सच्या कडीत अडकले होते. “सहावीतल्या मुलीला हातचा कळत नाही. तिच्यासारखी आणखी किती असतील, मला माहीत नाही. मी वर्षभर बरोबर करून घेतलं, म्हणून कुणाला दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. त्यांना मराठीतच अडतंय, इंग्रजीत ती तोंडच उघडणार नाहीत.”

माझी ताई. माहेरी भाजी करपली तरी ‘खरपूस केली’ म्हणणारी. एवढी वर्षं मास्तरकी करून तिने परक्या माणसासमोर पहिल्यांदा आपल्या वर्गाची चूक काढून ठेवली होती.

वकीलसाहेब हसले. कुत्सित नाही, कौतुकाने हसले. “बाई, तुमचा हा विनय आम्ही इतकी वर्षं पाहतो आहोत. संगणक का तुमची भीड ठेवणार आहे?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही तर गणिताचे. सांगा, आकडे चूक आहेत का?”

“आकडे बरोबर आहेत,” मी म्हणालो, “पण...”

त्यांचा फोन वाजला. त्यांनी हाताने ‘बसा’ अशी खूण करत दहा मिनिटं कुठल्याशा तारखेबद्दल बोलणं केलं, आणि फोन ठेवून पत्राची घडी फायलीत लावली. माझा ‘पण’ अजून माझ्याजवळच आहे. परभणीला येईपर्यंत त्याची पुढची वाक्यं मी पन्नास वेळा जुळवली. सगळी उत्तम होती.

बाहेर आल्यावर ताईने घड्याळ पाहिलं. शाळा सुटायला अजून दोन तास होते आणि माझ्या गाडीला चार. ती म्हणाली, तास बुडवून चालणार नाही. मी पिशव्या घेऊन तिच्यामागे जिना चढलो.

तिने तिन्ही वर्ग एका खोलीत बसवले. फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलाला टेकून उभी राहिली.

“आज कुणी रागावणार नाही,” ती म्हणाली. “ज्यांना वजाबाकी येत नाही त्यांनी हात वर करा.”

मुलं तिच्याकडे प्रेमाने पाहत होती. रुपाली तर हसत होती. बाहेर बाजारातल्या रिक्षा ओरडत होत्या.  मग ताईने स्वतःचा हात वर केला, खांद्याच्याही वर, आणि तसाच धरून उभी राहिली, म्हणजे कसा करायचा ते त्यांना कळावं.

एकतीस मुलांतला एकही हात वर झाला नाही. दारात मी उभा होतो, माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.